शयनगृहात नैराश्य, खोली अकरा मिलिमीटर

नकाशेवाल्यांच्या शयनगृहात फरशीला मधोमध एक खळगा होता आणि बारा वर्षं त्याने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. उलट नकाशेवाल्यांचं आणि त्याचं बरं जमलं होतं. सकाळी फरशी पुसून झाली की बाकीची खोली दोन मिनिटांत वाळायची आणि खळग्यात बशीभर पाणी मागे राहायचं. खिडकीतून उजेड तिरका यायचा आणि त्या बशीभर पाण्यात आभाळ उतरायचं. नकाशेवाले पलंगाच्या कडेवर बसून चहा घेत ते बघायचे. एखादा ढग पलंगाच्या पायापासून निघून कपाटाकडे जायचा. त्याला साधारण चार मिनिटं लागायची. "ऑफिस नाही का आज?" असं बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं की ढग तिथेच सोडून ते उठायचे.

नकाशेवाले हवामान खात्यात होते. ठिकठिकाणांहून आलेले हवेच्या दाबाचे आकडे नकाशावर मांडायचे आणि सारखा दाब असलेली ठिकाणं पेन्सिलीने एका रेघेत ओवायची, हे त्यांचं काम. आता हे यंत्रही करतं. पण यंत्राच्या रेघा हाताने तपासाव्या लागत, आणि तपासताना नकाशेवाले यंत्राला हळू आवाजात टोमणे मारत. जिथे दाब कमी, तिथे रेघा गोल गोल होत आत जातात. त्या जागेला खात्यात डिप्रेशन म्हणतात. हा शब्द त्यांच्या खोलीत दिवसातून वीसदा उच्चारला जाई आणि त्यामुळे आजवर कुणी रडलं नव्हतं.

"डिप्रेशन कुठवर आलं?"

"किनाऱ्यापासून दोनशेवर."

"मग जेवून घेऊ."

असं ते बोलणं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात नकाशेवाल्यांची चूक किती आणि शब्दाची किती, यावर अजून एकमत नाही.

झालं असं, की त्यांचे वडील, अप्पा, बाथरूमच्या उंबऱ्यात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. वॉकर घेऊन दहा पावलं टाकायलाही लागले. पुढच्या शनिवारी घरी सोडू, असं हॉस्पिटलने सांगितलं आणि त्याआधी घर बघायला फिजिओथेरपिस्टला पाठवलं. त्याने पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट दोनदा चालून पाहिली. दुसऱ्यांदा डोळे मिटून. मधोमध आल्यावर थांबला.

"हे काय?"

"तिथे जरा खोलगट आहे," नकाशेवाले म्हणाले. आपण कुणाचीतरी ओळख करून देतोय असा त्यांचा सूर होता.

"वॉकरचा एक पाय यात गेला की आजोबा दुसऱ्या खुब्यावर. फरशी सपाट झाल्याशिवाय मी घरी सोडा म्हणून सही करणार नाही. तोवर त्यांना शुश्रूषा केंद्रात ठेवा. महिनाभर, दोन महिने."

"वर फळी टाकली तर?" बायकोने विचारलं.

"फळीला कड असते वहिनी. कडेला अडखळतील."

केंद्र कसं असतं ते नकाशेवाल्यांनी पाहिलं होतं. स्वच्छ होतं. एका रांगेत आठ खुर्च्या आणि आठही माणसं दाराकडे बघत बसलेली. अप्पा ऑपरेशननंतर तसेही गप्प झाले होते. भिंतीकडे तोंड करून पडायचे. जेवलात का म्हटलं तर "हो", दुखतंय का म्हटलं तर "नाही", आणि या दोन शब्दांवर त्यांनी बारा दिवस काढले होते. त्या खुर्चीवर अप्पांना बसवायचं नाही, एवढं नकाशेवाल्यांनी ठरवलं. हातात नऊ दिवस होते.

घर खात्याचं क्वार्टर होतं, तळमजल्यावरचं. क्वार्टरच्या भिंतीत खिळा ठोकायचा तरी खात्याला विचारावं लागे. समोरच्यांनी मागे परस्पर मिस्त्री आणून ओटा बदलला, तर त्यांना तीन वर्षं खुलासे द्यावे लागले होते. तेव्हा शुक्रवारी नकाशेवाले दुरुस्तीचा छापील अर्ज घेऊन बसले. रकाना चार: तक्रारीचे स्वरूप (तांत्रिक शब्दांत लिहावे).

"खड्डा लिहा सरळ," बायको म्हणाली.

"खड्ड्याला कडा असतात. याला कडा नाहीत. हा हळूहळू उतरत जातो."

"मग खळगा लिहा."

"तांत्रिक म्हटलंय अगं."

"अहो, फरशी खचलीय, इतकं लिहिलं तरी समजेल कुणालाही!"

कुणालाही समजेल असं लिहिण्याचं दुःख ज्यांना असतं, त्या जातीचे नकाशेवाले होते. त्यांनी मान तिरकी करून सुंदर अक्षरात लिहिलं: 'शयनगृहात डिप्रेशन. वडील घरी येण्यापूर्वी उपाय व्हावा.' मग बराच वेळ ते अक्षराकडे बघत बसले. खात्याचा अर्ज, खात्याचा शब्द. त्यांना फार बरं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती शाखेचे ओव्हरसियर आले. शनिवारी सरकारी माणूस घरी येतो, याचं सगळ्या बिल्डिंगला नवल वाटलं. ओव्हरसियर टेप लावून मापं घेत होते, बायको चहा आणत होती, आणि ते हसत विचारत होते, "केव्हापासून आहे हो वहिनी हे?" ती म्हणाली, "बारा वर्षं झाली, आम्ही आलो तेव्हापासून. आणि यांना त्याचं काही नाही, बसतात तिथेच बघत." ओव्हरसियरांनी हेही लिहून घेतलं. ते नेकीचे गृहस्थ होते. जे कानावर येईल ते अहवालात घालायचे, आणि अहवाल इंग्रजीत लिहायचे, कारण त्यांच्या शाखेत तशी पद्धत होती. आस्थापना शाखेत मात्र मराठीशिवाय कागद हलत नसे. त्यामुळे मधे एक भाषांतर शाखा होती. त्या शाखेत एक बाई आणि एक शब्दकोश असे. सध्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या आणि शब्दकोश हजर होता.

बाईंच्या जागी तात्पुरते बसवलेले टेलिफोन ऑपरेटर प्रामाणिक होते. त्यांनी कोश उघडला. त्या एका शब्दापुढे सात अर्थ दिले होते. नैराश्य, व्यापारातली मंदी, जमिनीतला सखल भाग, हवेचा कमी दाब, बोटाने कळ दाबण्याची क्रिया, क्षितिजाखालचा कोन, आणि सातवा अर्थ पान फाटल्यामुळे गेला होता. कोशकारांनी पहिला अर्थ उगाच पहिला ठेवला नसणार, असा विचार करून त्यांनी पहिला घेतला.

सोमवारी जो कागद आस्थापनेत पोचला, तो असा:

'सदर कर्मचाऱ्याच्या शयनगृहात मध्यभागी नैराश्य आढळले. लांबी एकशे वीस सेंटीमीटर, रुंदी ऐंशी, खोली अकरा मिलिमीटर. पत्नीच्या सांगण्यानुसार बारा वर्षांपासून आहे. कर्मचारी त्याकडे बघत बसतो. कारण: आतला आधार खचला आहे. वर जड वजन आल्यास वाढेल.'

मंगळवारी सकाळी आस्थापनेच्या साहेबांनी नकाशेवाल्यांना बोलावलं. साहेबांच्या खोलीत उभ्या माणसाला खुर्ची मिळत नसे. आज ती पुढे ओढलेली होती. शिवाय पाण्याचा ग्लास.

"बसा, नकाशेवाले. आरामात बसा." साहेबांनी आवाज इतका खाली आणला की नकाशेवाल्यांना पुढे वाकावं लागलं. "तुमचा अर्ज वाचला. फार धीर लागतो हो असं लिहायला."

दुरुस्तीच्या अर्जाला धीर लागतो हे खरंच होतं. नकाशेवाले म्हणाले, "वडील येतायत, म्हणून. नाहीतर मी बोललोही नसतो. चाललं होतं."

"हेच! सगळे हेच म्हणतात. चाललं होतं." साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "बारा वर्षं. जास्त कधी जाणवतं?"

"सकाळी. उजेड तिरका आला की स्पष्ट दिसतं. दुपारी पाहाल तर नाहीच म्हणाल तुम्ही."

"आणि... पाणी येतं?"

"येतं म्हणजे, साचतं. रोज. बशीभर तरी असेल."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मग तुम्ही काय करता?"

"काय करणार? बसतो बघत. आपोआप वाळतं थोड्या वेळाने. खोटं कशाला सांगू साहेब, मला आवडतंसुद्धा."

"घरची मंडळी?"

"बायको त्याला वळसा घालून जाते."

साहेब उठून खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. मग वळून त्यांनी नकाशेवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ऑर्डर पुढे केली. आजपासून दहा दिवस सक्तीची विश्रांती. खात्याच्या समुपदेशकांची गृहभेट. दरम्यान टोकदार वस्तू हाताळण्याचे काम देऊ नये. 'टोकदार वस्तू' खाली कंसात लिहिलं होतं: पेन्सिल.

नकाशेवाल्यांनी ऑर्डर वाचली, जोडलेला अहवाल वाचला, आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"साहेब, हे फरशीबद्दल आहे."

"हो, हो."

"मला काही झालेलं नाही. फरशीला झालंय!"

साहेबांनी अत्यंत मायेने मान हलवली आणि फाइलच्या कडेला लिहिलं: 'नाकारतो. फरशीवर ढकलतो.'

"मग फरशीचं तेवढं करून टाका ना!" नकाशेवाल्यांचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसात चढला. "शनिवारी माझे वडील—"

"करू, करू. पण आता दोन्ही कागद एकाच फाइलीत आहेत. समुपदेशक नैराश्यावर शेरा मारतील, मग फाइल दुरुस्तीकडे. तोवर हलत नाही ती. आणि नकाशेवाले, चढ-उतार होणारच. मनाला लावून घेऊ नका."

पेन्सिल त्यांच्या टेबलावरून आधीच उचलली होती. त्यांच्या जागेवर बसलेला सहकारी समुद्रातलं डिप्रेशन बटाट्यासारखं काढत होता. नकाशेवाले क्षणभर त्याच्या पाठीमागे उभे राहिले. बोलायची चोरी होती. बोलले असते तर तेही फाइलीत गेलं असतं.

घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. बायको दारात उभी होती.

"शयनगृहात नैराश्य, बारा वर्षांपासून, पत्नीच्या सांगण्यानुसार," ती एका दमात म्हणाली. "वरच्या मावशींना पाठ आहे. लग्नाला चोवीस वर्षं झाली आपल्या. म्हणजे पहिली बारा बरी गेली असं लोक धरून चालतायत. तेवढाच माझा मान राखला."

"अगं, ते भाषांतर—"

"आणि खोली अकरा मिलिमीटर! मला वाटलं होतं, निदान फूटभर तरी असेल, माझ्याबरोबर राहून." ती आत गेली. बऱ्याच वेळाने तिच्या हसण्याचा आवाज आला. पण ते हसू चांगल्यापैकी होतं की नाही, ते बघायला जायची नकाशेवाल्यांची हिंमत झाली नाही.

मग माणसं यायला लागली. पहिले समोरचे प्राध्यापक, ओट्याचे खुलासे देणारे तेच. निवृत्त होईपर्यंत अर्थशास्त्र शिकवत; क्वार्टर खात्यात असलेल्या मुलाच्या नावावर होतं. ते खुर्चीत बसून म्हणाले, "हे चक्र असतं. तेजी, मंदी, पुन्हा तेजी. मंदीत माणूस हात आखडतो, तिथेच चुकतो. तुम्ही मागणी वाढवा."

"कशाची मागणी?"

"कशाचीही. फिरायला जा, चपला घ्या." मग ते थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिले. "मला तीन वर्षांत कुणी व्याख्यानाला बोलावलेलं नाही, ठाऊक आहे? टाचणं अजून दर जानेवारीत नवी काढतो. आकडे बदलतात ना." जाताना नकाशेवाल्यांनीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

वरच्या मावशी डबा घेऊन आल्या. "हसत राहायचं बघ. मी बघ कशी हसते. लेक परदेशी, रविवारी फोन करते. सहा मिनिटं. पाचव्या मिनिटाला म्हणते, बाकी काय? मला कळतं मग, की संपलं." एवढं बोलून त्या रडायला लागल्या. डबा परत द्यायला नकाशेवाले वर गेले, तेव्हा जिन्यात आणखी दोघं भेटली. त्यांचंही ऐकून घ्यावं लागलं. ज्याला अधिकृतपणे नैराश्य आहे, त्याला सांगायला हरकत नाही, असं सगळ्यांचं झालं होतं. बुधवार संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगचं नकाशेवाल्यांच्या कानांवर आलं. सांगणारे हलके होऊन जात आणि 'काळजी घ्या बरं' म्हणत.

दुपारी घर शांत व्हायचं. बायको शिवणवर्गाला जायची. करायला काही नाही, काढायला नकाशा नाही. नकाशेवाले शयनगृहात उघड्या फरशीवर आडवे झाले, आणि त्यांच्या लक्षात आलं की पाठ खळग्यात बेताची बसते. जणू मापं घेऊन केलेला. खांद्यांखालची फरशी गार होती. पडदा आत यायचा, बाहेर जायचा. छतावर कसल्याशा उजेडाचे चट्टे हलत होते. ते डोळे अर्धे मिटून त्या बिल्डिंगचा नकाशा काढायला लागले, मनातल्या मनात, कारण पेन्सिल जप्त होती. समोर प्राध्यापकांकडे एक कमी दाबाचं वर्तुळ. वर मावशींकडे रविवारी दाट होणारं दुसरं. जिन्यातलं एक लहान, सरकणारं. रेघा भिंतींमधून जात होत्या, कुणाच्या पलंगाखालून, कुणाच्या नळावरून, आणि कुठेही तुटत नव्हत्या. इतकी वर्षं आपण समुद्रावरचा दाब मोजला, ही माणसं डोक्यावर राहत होती. असा एक मंद विचार आला आणि गेला. हॉस्पिटलचं वर्तुळ काढायला त्यांनी हात उचलला, पण तिथला आकडाच त्यांच्याकडे नव्हता. 'हो' आणि 'नाही' यावरून दाब कसा काढणार? तेवढ्यात झोप लागली.

गुरुवारी समुपदेशक बाई आल्या. पन्नाशीच्या, हातात फाइल आणि पिशवीत दुपारचा डबा. त्या दिवशीची त्यांची ही चौथी भेट होती.

"कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

नकाशेवाले त्यांना शयनगृहात घेऊन गेले आणि बोट दाखवलं. बाईंनी चपला काढल्या. खळग्यात पाऊल ठेवलं, दुसरं ठेवलं, अंग हलवून पाहिलं. फाइल उघडून अहवाल पहिल्यापासून वाचला. 'खोली अकरा मिलिमीटर' पाशी त्यांच्या खांद्यांना हिसका बसला. मग त्या पलंगावर बसल्या आणि तोंडावर पदर धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"सव्वीस वर्षांत पहिली केस आहे जिच्यात मला माप मिळालंय," त्या म्हणाल्या. "लोक येतात, म्हणतात, खूप आहे मॅडम. खूप म्हणजे किती, ते कुणालाच सांगता येत नाही."

"मग लिहा ना, की मला काही नाही."

"तेच तर लिहिता येत नाही." त्यांनी छापील तक्ता दाखवला. सौम्य, मध्यम, तीव्र. चौथा चौकोन नव्हताच. "काही नाही, असं असलेला माणूस आमच्याकडे येईल, हे कुणाला सुचलंच नाही. आणि रिकामा तक्ता मी पाठवला तर तो परत येतो. आठ दिवसांनी."

"शनिवार गेला मग." नकाशेवाले भिंतीला टेकले. मग त्यांनी सगळं सांगितलं. खुबा, वॉकर, त्या आठ खुर्च्या. अप्पा दोन शब्दांवर आलेत हेही सांगितलं, ते त्यांनी आजवर बायकोलाही नीट सांगितलं नव्हतं.

बाई ऐकत होत्या. मग त्यांनी पेन काढलं, थोडा वेळ छताकडे बघितलं आणि एकही शब्द न खोडता लिहिलं. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं:

'प्रत्यक्ष भेट देऊन तपासणी केली. नैराश्य सौम्य, पण दुर्लक्ष केल्यास वाढेल. मूळ कारण आतला आधार खचणे हेच आहे. बोलून उपयोग नाही. तातडीने भराव द्यावा आणि पृष्ठभाग पूर्ववत करावा. त्यानंतर चोवीस तास कोणताही भार टाकू नये. शुक्रवारपर्यंत उपचार न झाल्यास कुटुंबातील वृद्ध व्यक्तीस इजा संभवते.'

"हे कुणासाठी झालं?" नकाशेवाल्यांनी विचारलं.

"आस्थापनेत वाचतील त्यांना वाटेल तुमच्यासाठी. दुरुस्तीत वाचतील त्यांना वाटेल फरशीसाठी. मी खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही." त्यांनी चपला घातल्या. "माझी एक विनंती आहे. त्या बाई रजेवरून आल्या तरी भाषांतराला हेच गृहस्थ राहू देत."

चमत्कार कागदांचेही होतात. आस्थापनेच्या साहेबांनी 'बोलून उपयोग नाही' वाचून सुस्कारा टाकला आणि फाइल त्याच दुपारी सोडली. दुरुस्ती शाखेत 'वृद्ध व्यक्तीस इजा' वाचून ओव्हरसियर धावले. शुक्रवारी आठ वाजता मिस्त्री दारात हजर होता.

मिस्त्रीने फरश्या उचलल्या. खालची माती उंदरांनी पोखरली होती. त्याने घमेल्यांनी भराव टाकला, धुम्मसने ठोकला, वाळू-सिमेंट पसरून फरश्या परत बसवल्या, आणि दोरी लावून, एक डोळा मिटून बघितलं. नकाशेवाले दारात उभे होते. आपण रडू की काय असं त्यांना वाटलं आणि तसं वाटल्याचं कुठे नोंदलं जाऊ नये म्हणून ते खाकरले.

"साहेब, जीव होता काय त्या खड्ड्यावर?" मिस्त्री म्हणाला.

"खड्डा नव्हता तो," नकाशेवाले म्हणाले. "त्याला कडा नव्हत्या."

बायकोने त्यांच्या दंडाला हळूच धरलं. दोघं तिथे उभी राहिली, आणि चोवीस वर्षांबद्दल ती काही बोलली नाही.

काम तीनला संपलं. मिस्त्रीचा हात जरा सढळ पडला होता. ओव्हरसियरांनी पट्टी ठेवून पाहिलं तर मधोमध दोन मिलिमीटर चढ आला होता. फिजिओथेरपिस्टने फोनवर सांगितलं, दोन चालतात. ओव्हरसियरांनी तसा अहवाल दिला, तो टेलिफोन ऑपरेटरांकडून रीतसर मराठीत झाला, आणि शनिवारी सकाळी साहेबांचा स्वतःचा फोन आला. "नकाशेवाले, वाचलं मी! शयनगृहात किंचित उन्नती! एका दिवसात! अभिनंदन वहिनींचंही करा." नकाशेवाल्यांनी आभार मानले. दुरुस्तीच्या भानगडीत पुन्हा पडायची त्यांची तयारी नव्हती.

चार वाजता ते हॉस्पिटलात पोचले. कागद तयार होते, वॉकर तयार होता, फिजिओथेरपिस्टची सही होती. अप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"अप्पा, चला. घरी जायचं."

"नाही."

"म्हणजे?"

"मला त्या केंद्रात टाक." बऱ्याच दिवसांनी निघालेलं हे पहिलं पूर्ण वाक्य होतं. मग दुसरं निघालं. "घरी येऊन काय करू? तुम्ही दोघं मला वळसा घालून जायला लागाल."

नऊ दिवसांच्या तयारीत याची तयारी नव्हती. फरशी सपाट झाली होती, नव्हे, उन्नत झाली होती, आणि माणूस यायचं नाही म्हणत होता. नकाशेवाले स्टुलावर बसले आणि जे खरोखर घडलं होतं ते सांगायला लागले. अर्ज, कोशातले सात अर्थ, साहेबांचा चष्मा, पेन्सिल, मावशींची सहा मिनिटं. बातमी सांगावी तसं, क्रमाने, काही न वगळता. भिंतीकडचं डोकं हललं नाही. 'खोली अकरा मिलिमीटर' आलं तेव्हा पांघरुणाखाली पोट हललं. 'टोकदार वस्तू, पेन्सिल' आलं तेव्हा अप्पांना ठसका लागला, खुबा दुखला, "अरे थांब, थांब," म्हणत ते उताणे झाले. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे उतरत होतं आणि ते हसत होते.

नर्स डोकावून गेली. हळूहळू हसू ओसरलं. अप्पा छताकडे बघत होते.

"फरशीला टेप लावायला माणूस आला," ते म्हणाले. "लांबी, रुंदी, खोली. सगळं लिहून घेतलं. मला तीन आठवडे सगळे विचारतायत, जेवलात का, दुखतंय का. माझं कुणी मोजलं नाही रे."

कॉरिडॉरमध्ये कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं. तिचं एक चाक वाजत होतं. नकाशेवाल्यांनी स्टूल पलंगाजवळ ओढलं.

"किती आहे, अप्पा?"

अप्पांनी पांघरुणाबाहेर हात काढला. अंगठा आणि बोट यांत थोडं अंतर धरलं. विचार केला. अंतर वाढवलं. मग दुसरा हातही काढला, आणि दोन्ही तळवे हवेत एकमेकांपासून हळूहळू लांब नेत गेले, पलंगाच्या दोन्ही कठड्यांना लागेपर्यंत.

"एवढं," ते म्हणाले. "आज जरा कमी आहे."

नकाशेवाल्यांनी मान डोलावली. काळजी करू नका म्हणाले नाहीत, हसत राहा म्हणाले नाहीत, चपला घ्या म्हणाले नाहीत. ते तसेच बसून राहिले. साडेचारला घरी सोडण्याची वेळ टळली. खिडकीबाहेर उजेड पिवळा झाला, भिंतीवर चढला, अप्पांच्या चादरीवरून सरकत गेला. दोघं त्याच्याकडे बघत होते. पाच वाजून दहा मिनिटांनी अप्पांनी कोपरावर भार देऊन उठायचा प्रयत्न केला.

"तो वॉकर आण इकडे."

नकाशेवाल्यांनी वॉकर आणला आणि दोन्ही हातांनी त्यांना धरायला गेले.

"धरू नकोस," अप्पा म्हणाले. "नुसता बाजूने चाल. पडलो तर मग धर."